ब्रेनिकचे किती येतील

दुपारी बटण झोपली की मला तास-दीड तास मिळतो. त्या वेळात मी लोकांच्या पँटी आखूड करते, कोटांची अस्तरं बदलते, चेन अडकलेली जाकिटं सोडवते. त्या दिवशी मात्र माझ्या कामाच्या टेबलावर शिलाई मशीनच्या शेजारी एक लांबट पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात रायफल होती.

"वहिनी, हिचे किती येतील?" काडीने विचारलं.

काडी माझी नणंद. वय अठरा. अंगावर मांस म्हणून नाही, त्यावरून हे नाव. बटण ही माझी दीड वर्षांची मुलगी, तिचं नाव का पडलं ते तिचे डोळे पाहिले की कळतं.

"मला काय विचारतेस? मी चेन बदलून देणारी बाई."

"अंदाज सांग ना. तू माणूस दारात उभा राहिला की कमरेचं माप सांगतेस."

"माणसाला कंबर असते बाई. हिला काय आहे?"

रायफल बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काडीसाठी घेतली होती. काडी लहान होती तेव्हा शाळेतून क्लबात नेमबाजी शिकायला जायला लागली, आणि बाबा कुठूनतरी ही घेऊन आले. कागदावर गोल छिद्रं पाडायची साधी, बारक्या गोळीची रायफल. कंपनीचं नाव ब्रेनिक. हे नाव ऐकून आजवर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता: "काय?"

बाबा गेल्या वर्षी गेले. परवाना काडीच्या नावावर झाला, पण तिचे गुण घसरत चालले. कोच म्हणाले, हत्यार बदल. क्लबच्या सेक्रेटरीबाई आपली स्वतःची नावाजलेल्या कंपनीची रायफल विकायला काढणार होत्या. "शनिवारपर्यंत तुझ्यासाठी थांबते," असं त्यांनी सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात संघाची निवड चाचणी. ब्रेनिक विकून जे येईल त्यात घरातलं थोडं घालून काडीला ती रायफल घ्यायची होती. नाहीतर या वर्षीची चाचणी गेली, आणि काडी म्हणत होती की मग पुढच्या वर्षी मी जाणारच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. मी, काडी, पेटी आणि ढकलगाडीत बटण. दुकानाला दोन लोखंडी जाळ्या होत्या आणि दोन्हींच्या मधे ढकलगाडी अडकली, त्यामुळे पहिली पाच मिनिटं दुकानदार आणि मी मिळून गाडी सोडवत होतो. आत मशीनच्या तेलाचा वास. माझ्या ओळखीचाच.

"कुठली म्हणालात?"

"ब्रेनिक," काडी म्हणाली.

"ब्रेनिक तर स्वेटर विणायची मशीन बनवतात."

"मधे काही वर्षं रायफली पण बनवत होते."

"का?"

हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात ब्रेनिक नव्हती. दुसरं काढलं, त्यात होती. एकच ओळ, किमतीच्या जागी एक चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी होता: पुरवणी पाहा. पुरवणी त्याच्याकडे नव्हती. ती जवळ असलेला कुणी त्याने आजवर पाहिलाही नव्हता.

मग त्याने रायफल हातात घेतली, नळीतून उजेडाकडे पाहिलं, नेम धरताना जिच्यातून पाहतात त्या मागच्या साईटवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा जरा खुलला. "ही साईट चांगल्या कंपनीची आहे. नंतर बसवलेली. ही काढून दिलीत तर..." त्याने आकडा सांगितला. माझ्या मनात लगेच हिशेब झाला: एक चांगली वाफेची इस्त्री.

"आणि सगळी रायफल? साईटसकट?"

त्याने विचार केला आणि आधीपेक्षा कमी आकडा सांगितला. साधी इस्त्री. वाफ नाही.

मी काडीकडे पाहिलं, काडीने माझ्याकडे. "तुम्ही उलटं बोललात का?"

"नाही ताई. नुसती साईट मी उद्या विकेन. रायफल आली की तिचं रजिस्टर आलं, कपाटातली जागा आली. गिऱ्हाईक विचारणार ब्रेनिक म्हणजे काय, ते मी समजावत बसणार. ती मला खात बसणार."

"म्हणजे साईट काढली की उरलेल्या रायफलची किंमत शून्याच्याही खाली?"

"असं तोंडावर म्हणू नका," तो हळू आवाजात म्हणाला, जणू रायफलला ऐकू जाईल. मग त्याने दस्ता उलटा करून पाहिला. खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. तिथे एकामागे एक लावलेल्या लाकडाच्या चकत्या होत्या, प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा, पुढची काळपट, मागची फिकी. "हे कुणी केलं?"

"माझ्या बाबांनी," काडी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

बाबा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. काडी लहान होती तेव्हा तिला रायफल लांब पडायची, म्हणून त्यांनी दस्ता कापून आखूड केला, आणि ती वाढेल तशी मागे एकेक चकती चिकटवत गेले. मुलीच्या फ्रॉकची दुमड सोडतात तसं. घरात सगळ्यांना वाटायचं की कारखान्यातले उरलेसुरले तुकडे आणत असतील.

"काम फार साफ आहे," दुकानदार म्हणाला. "पण विकायला काढली की पाव कापून ठेवल्यासारखी दिसते." निघताना त्याने एका निवृत्त दंतवैद्यांचा नंबर दिला. "कुणी विचारत नाही अशा वस्तू ते जमवतात. आम्हाला बरं पडतं."

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो शीतगृहात यंत्रं सांभाळतो, त्या आठवड्यात त्याची पाळी लांबलेली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "विकून टाका." मग म्हणाला, "पण घाई करू नका." मग म्हणाला, "पण शनिवार म्हणताय तर करा घाई." मी म्हटलं, तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं.

डॉक्टर घरीच आले. चहा पुढे केला तर म्हणाले आधी काम. खिशातून त्यांनी तो दातात घालायचा छोटा आरसा काढला आणि तो रायफलीच्या पोटात कुठे कुठे घालून पाहायला लागले. बटण त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून स्वतःचं तोंड उघडून दाखवत होती.

"आहा," ते म्हणाले. "खरीच ब्रेनिक आहे. हिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही."

"म्हणूनच किंमत नाही, असं दुकानदार म्हणाला," मी म्हटलं.

"बरोबर म्हणाला."

"मग तुम्ही?"

"मी म्हणतो, कुणालाच माहीत नाही म्हणूनच किंमत आहे." आणि त्यांनी आकडा सांगितला. मी मनातल्या मनात दोनदा मोजला. बऱ्या अवस्थेतली जुनी स्कूटर.

"मग दोघांतलं बरोबर कोण?"

"दोघंही. त्याला विकायची असते, मला ठेवायची असते." त्यांनी आरसा पुसून खिशात घातला. "फक्त हे मागचं जोडकाम काढावं लागेल. मला मूळचं लाकूड तेवढं पाहिजे. उरलेला भाग मी जुन्या चित्रावरून करून घेईन."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोवर खिडकीजवळ दोरे गुंडाळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते माझ्या नवऱ्याचं काम आहे."

डॉक्टर जरा ओशाळले. "म्हणूनच म्हणतो, तुम्हीच घरी काढा. मी नेली तर सुतार करवत घालेल."

डॉक्टर गेले. स्कूटरएवढे पैसे आले तर सेक्रेटरीबाईंची रायफल सहज येत होती. काडीने उड्या मारायला हव्या होत्या. ती बटणची पायमोज्यांची जोडी सारखी उलटी-सुलटी करत बसली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटलं, मला सगळं कळलं. सकाळी उठून मी काडीला भिंतीला उभं केलं आणि खांद्यापासून कोपरापर्यंत टेप लावला. बाबांनी गेल्या वर्षी चकती लावली नव्हती, कारण बाबाच नव्हते. आणि काडी तर वाढली होती, तिच्या सगळ्या बाह्या मीच लांब केल्या होत्या. म्हणजे रायफल तिला तोकडी झाली होती. गुण घसरणारच. आम्ही सगळे ब्रेनिकला नावं ठेवत होतो आणि दुखणं होतं बाहीचं. मी एका कोटाच्या उरलेल्या जाड लोकरी कापडाच्या घड्या केल्या, दस्त्यामागे दोऱ्याने बांधल्या, आणि म्हटलं, "धर."

तिने गोळी आत सरकवायचा बोल्ट काढून ठेवला, पॅसेजमध्ये उभी राहून रायफल खांद्याला लावली.

"आता?"

"आता छान बसतेय."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"पण बसत नव्हती असं मी कधी म्हणाले, वहिनी?"

मी टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. काडीने रायफल खाली घेतली नव्हती. गाल तसाच लाकडाला टेकलेला.

"बाबा तिला जे तेल लावायचे ना, त्याचा वास आहे हिला. गाल टेकवला की येतो. गोळी सोडताना श्वास धरायचा असतो. मला धरता येत नाही. मधेच निसटतो आणि नळी हलते." मग ती म्हणाली, "कोचना सांगता येत नाही. त्यांना वाटेल मी कारण देतेय. आईला तर नाहीच सांगता येत."

 माझ्या टेपवर त्याचं माप नव्हतं. मी म्हटलं, "मग विकायची?"

"म्हणून तर विकायची. पण विकायची म्हटलं की मग वाटतं नको. मग शनिवार आठवतो."

"मग?"

"मला नाही माहीत. तू सांग."

 मलाही माहीत नव्हतं. बटण त्या लोकरी घड्या ओढून काढत होती, तिला मात्र काय करायचंय ते पक्कं माहीत होतं.

दुपारी काडीच म्हणाली, "चकत्या मी काढते. सुताराने नको."

आईंनी काहीच विरोध केला नाही, हे मला विचित्र वाटलं. उलट त्यांनीच सांगितलं, "त्याला वाफ द्या. हे सरसाने चिकटवायचे. गरम ओल लागली की सरस सोडतो. रागाने ओढलं तर लाकूड फाटेल."

मी ओलं फडकं सांध्यावर गुंडाळलं आणि इस्त्री टेकवली. मागची रबरी पट्टी काडीने स्क्रू काढून आधीच सोडवली होती. पहिली चकती हलायला वेळ लागला. खोलीत ओल्या लाकडाचा, जुन्या तेलाचा, शिजलेल्या खळीसारखा एक वास भरला. मी काडीकडे पाहायचं टाळलं. तिने बोथट सुरी सांध्यात सरकवली, मी शिवण उसवते तशी, थोडी थोडी, आणि चकती तिच्या तळहातावर आली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक मोकळी झाली की ती एका फडक्यावर मांडत होती, काढली त्याच क्रमाने. शेवटी फक्त मूळ दस्ता उरला, तुटक्या शेपटीसारखा.

चकत्या ओल्या होत्या म्हणून असेल, किंवा खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं म्हणून. पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवताना दोन तुकड्यांच्या रेघा सांध्यावर जुळवाव्या लागतात, त्यामुळे माझे डोळे रेघांवर जातातच. दस्त्याच्या लाकडात एक काळी शीर होती. ती काठापर्यंत येत होती आणि पहिल्या चकतीत पुढे जात होती. तिथून दुसरीत. तिथून, थोडी वर चढत, तिसरीत, चौथीत.

"काडी," मी म्हटलं, "हे सगळं एकच लाकूड आहे."

"नाही गं. रंग बघ ना."

"रंग सोड. ही रेघ बघ."

तिने चकत्या दस्त्याला लावून पाहिल्या. प्रत्येक सांध्यावर करवतीच्या पात्याएवढंच काय ते सुटत होतं. बाकी सगळं जागच्या जागी.

"मग काय झालं?" आई म्हणाल्या. त्यांना आमचं तोंड बघून नवल वाटत होतं. "बाहेरचं लाकूड त्यांनी कधी लावलंच नाही. दस्ता कापला तेव्हा मी बोलले होते चांगली, नवीकोरी वस्तू करवतीखाली घातली म्हणून. तर म्हणाले, टाकतोय कुठे? त्या तुकड्याच्या चकत्या करून ठेवल्या आणि ही जशी वाढली तशा एकेक परत लावल्या. जी आधी लागली ती हाताळून काळी झाली."

"तुम्ही सांगितलं नाहीत कधी."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आणि काल ते डॉक्टर मूळचं लाकूड, मूळचं लाकूड करत होते, तेव्हा मला वाटलं त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचंय. शिकलेला माणूस."

काडी चकत्यांकडे पाहत होती. "म्हणजे बाबांनी काही वाढवलंच नाही? नुसतं परत करत होते?"

"हो."

"कुणाला? रायफलला का मला?"

आईंनी चौथी चकती उचलून उन्हात धरली. "एक राहिलीय बघ," त्या म्हणाल्या. खरंच, शीर चौथ्या चकतीच्या मागच्या काठापर्यंत जाऊन तिथेच तुटत होती, आणि दस्त्याच्या टोकाचा आकारही अजून पुरा झाला नव्हता. शेवटची चकती लावायच्या आधी बाबा गेले होते. आम्ही त्यांच्या हत्यारांची पेटी उपसली, स्क्रूचे डबे, पलंगाखालचं खोकं. सापडली नाही. आई म्हणत होत्या, टाकणारा माणूस नव्हता तो, असेल कुठेतरी.  काडीने गॅसवर भांड्यात सरस गरम करायला ठेवला.

"आता काय करतेस?"

"जोडते परत."

"म्हणजे विकायची नाही?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग विकायची?"

"वहिनी, आधी जोडू दे."

चकत्या तिने एकटीने लावल्या, आणि माझ्याकडच्या कापड धरायच्या पकडी चारी बाजूंनी घट्ट बसवल्या. बाबांइतकं साफ नाही झालं. एका सांध्यावर सरस ओघळला, तो तिने पुसला नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. दस्ता पाहून आधी चेहरा पडला, मग काडीने शीर दाखवली. ते बराच वेळ भिंग लावून बसले.

"मूळचं आहे," ते म्हणाले. "आणि मूळचं नाहीही. माझ्याकडे अशा वस्तूला रकाना नाही." त्यांनी टक्कल खाजवलं. "शेवटचा तुकडा नाही ना? मग मी आधी म्हणालो तेवढे देता येणार नाहीत." नवा आकडा आला. स्कूटर, पण मागचं चाक नसलेली.

मी पुढे सरकले. गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं हा माझा रोजचा धंदा आहे. "डॉक्टर, मूळचं लाकूड सगळं मिळतंय तुम्हाला, त्या चित्रावरून सुतार..."

"चालेल," काडी म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय बाजूला घेतला.

"चालेल, पण चकत्या सोडवायच्या नाहीत. अशीच ठेवायची."

"सोडवून कसं चालेल?" डॉक्टर म्हणाले, जणू सोडवायचं त्यांनी कधी सुचवलंच नव्हतं. "आणि तो शेवटचा तुकडा कधी सापडला, तर कळवा. मी वेगळे पैसे देईन."

"सापडला तर तो माझा," आई खिडकीजवळून म्हणाल्या.

कागद दुकानदारामार्फत झाले. पेटी गेली तेव्हा बटण दारात उभी राहून हात हलवत होती, कारण दारातून कोणी गेलं की ती हात हलवते. घरातलं ठरल्यापेक्षा जरा जास्त घालावं लागलं, पण संध्याकाळच्या आत काडी सेक्रेटरीबाईंची रायफल घेऊन आली. मी तिला विचारलं, घासाघीस का नाही केलीस? ती म्हणाली, "मग ती खरंच विकल्यासारखी झाली असती." यावर मी अजून विचार करते आहे. विकली तर होतीच की.

पुढच्या आठवड्यात बटणला आईंकडे सोडून मी काडीबरोबर रेंजवर गेले. या रायफलीचा दस्ता स्क्रू फिरवला की लांब-आखूड होतो. ती पालथी पडली, काही वेळ फिरवाफिरवी केली, आणि गाल टेकवला. मी मागे बाकावर कान झाकून बसले होते. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. पाठ वर-खाली होत होती, मग थांबली. आवाज झाला. पुन्हा वर-खाली, पुन्हा थांबली.

दहा गोळ्या झाल्यावर तिने शेजारच्या दुर्बिणीतून कागदाकडे पाहिलंच नाही. "तू बघ," ती म्हणाली.

मी एक डोळा मिटून पाहिलं. आधी काहीच दिसेना, मग उलटंच काहीतरी दिसलं, मग कागद दिसला.

"दोन छिद्रं डावीकडे गेलीत. बाकीची एकमेकांना चिकटून आहेत, पण मधोमध नाहीत. हे चांगलं का वाईट?"

"माहीत नाही."

"अगं, तुला नाही तर कुणाला माहीत?"

"साईट जुळवायचीय अजून. ते होईल." तिने गाल लाकडावरून उचलला आणि तळहाताने पुसला. "श्वास धरता आला पण, वहिनी. दहाही वेळा. या लाकडाला कसलाच वास नाहीये."

हे ती आनंदाने सांगत होती का, ते मला कळलं नाही. विचारावं असं वाटलं. पण तिने पुढची गोळी भरली होती, आणि पाठ पुन्हा थांबत आली होती, म्हणून मी पण माझा श्वास धरला.